नाव घ्यायचं ते उखाण्यातच

मी प्रेमकवी आहे. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारलं की माझी बायको लतिका उठून स्वयंपाकघरात जाते. तिथे तिला काही काम असतं असं नाही. पण हसायला जागा लागते.

पेणच्या एका शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो, रोह्याजवळ वरसे गावात ब्लॉक घेतला आणि उरलेलं आयुष्य प्रेमाला वाहून टाकलं. 'सखे, सावकाश ये' हा माझा एकुलता एक संग्रह. छापला मीच, वाटलाही मीच. उरलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली आहेत. लतिका केर काढताना ते पुढे ढकलते आणि लादी पुसताना मागे ओढते. मराठी कवितेला चालना मिळत नाही असं कोण म्हणतं?

संग्रह वाचून लतिकाने एकच प्रश्न विचारला होता. "ही सखी कोण?"

"अगं, तूच!"

"मग हिला रोज पहाटे प्राजक्ताखाली उभी कशाला केलीये? पहाटे मी पाण्याची मोटर लावायला उठते. तुम्ही घोरत असता."

तर असा मी. माझ्यासारखेच आणखी काही जण जमवून मी पेण-रोहे काव्य मंडळ काढलं. मंडळात सगळेच पदाधिकारी आहेत, साधा सभासद कुणी नाही. कार्यक्रम एक वर्ष पेणला, एक वर्ष रोह्याला. पेणची जबाबदारी हितेशकडे. त्याचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे आणि मंडळाचा सगळा खर्च तो करतो, त्यामुळे त्याच्या कविता चांगल्याच असतात. गेल्या वर्षीचा कार्यक्रम त्याच्या कारखान्यातच झाला. माणसं थोडी आणि रंग न दिलेले गणपती पुष्कळ. माणसं मध्यंतरात चहा पिऊन गेली. गणपती शेवटपर्यंत बसून होते; त्यांचे डोळे अजून उघडायचे होते आणि कान मातीचे होते.

यंदा पाळी रोह्याची होती. त्या संध्याकाळी जे झालं ते सांगायचं तर आधी मैनाबाई सांगायला हवी. माझं काय, मी स्वतःबद्दल नाही तरी सांगतच असतो.

मैनाबाई आमची वालवाली. भालगाव रस्त्यावरून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला तिचं गाव आहे. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, ते फेब्रुवारीत तयार व्हायचे, आणि नव्या कडव्या वालाची पिशवी डोक्यावर घेऊन मैनाबाई आमच्या दारात उभी राहायची. आमच्या घरात वालाचं बिरडं हा खाण्याचा पदार्थ नाही, तो धर्म आहे. त्यामुळे तिच्या येण्याची मी वाट बघतो तेवढी सखीचीही बघितलेली नाही.

बाई किरकोळ, काळीसावळी, आवाज मात्र खणखणीत. या डोंगरावरून त्या डोंगराला हाक मारून मारून तयार झालेला. जिभेला धार. "मास्तर, पोट सुटलंय तुमचं. कविता बसून करता का निजून?" असं पहिल्याच वर्षी विचारलं होतं तिने. लतिकाला ती तेव्हापासून बहिणीसारखी.

तिच्याबरोबर तिचा नवरा यायचा. उंच, वाकलेला, बोलायचा नाही. पायरीवर बसून तंबाखू मळायचा आणि निघताना पिशव्या झटकून घड्या घालायचा. इतक्या वर्षांत त्याचं नाव मला माहीत नव्हतं, कारण मैनाबाई ते घेत नसे. 'आमचं मानूस', 'म्हातारा', 'सख्याचा बापूस', फार राग आला तर 'ह्यो मुडदा'. पण नाव नाही. सखा म्हणजे तिचा मुलगा, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो.

"अहो, नाव घेतलं तर काय बिघडतं?" मी एकदा शहाणपणा केला.

"घरधन्याचा नाव सुकं घेतलं का त्याचं आयुष्य कमी व्हतं," मैनाबाई म्हणाली. "उखान्यात घेतलं तर चालतं. गोड करून घेतलं ना मंग."

"दवाखान्यात नाव विचारतात तेव्हा काय करता?"

"सांगते का लिवा, सख्याचा बापूस. त्यांनी तसाच लिवलंय कागदावर."

मी लतिकाकडे बघून हसलो. लतिका म्हणाली, "हसताय काय? मी तरी तुम्हाला कुठे नावाने हाक मारते? अहो, अहो करत जन्म गेला." खरंच होतं. माझं नाव विष्णू आहे हे आमच्या घरात फक्त विजेच्या बिलाला ठाऊक आहे.

मैनाबाईचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, वालाच्या मापाबरोबर वर घातलेल्या मूठभर वालासारखं. लग्न झालं तेव्हा ती परकर-पोलक्यातून नुकती बाहेर पडलेली. नवरा लगेच मुंबईला गोदीत हमालीला गेला. यायचा शिमग्याला आणि गणपतीला. अशी कित्येक वर्षं. मग एकदा आला तो खोकला घेऊन कायमचा आला. तेव्हापासून शेत, बैल, वाल आणि भांडणं, सगळं दोघांनी मिळून केलं. "आमी भांडलो नाय आसा दिस दाखवा," ती अभिमानाने सांगायची.

दोन वर्षांपूर्वी म्हातारा विसरायला लागला. बैल विकले होते ते विसरला. रोज सकाळी रिकाम्या गोठ्यात जाऊन त्यांना नावाने हाका मारायचा. मग घराची वाट विसरायला लागला. घरी सखा शिफ्टला, सून दिशा अंगणवाडीत. म्हाताऱ्याला एकटं ठेवता येईना, म्हणून मैनाबाई त्याला हाताला धरून सगळीकडे नेऊ लागली.

यंदा ती आली ती नेमकी आमच्या कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी. म्हातारा पायरीवर बसला. तंबाखू मळायची विसरला होता, नुसताच तळवा चोळत होता.

"परवा मला इचारतो," मैनाबाई लतिकाला सांगत होती, "बाय, तू कोनाची गो?"

लतिकाचा हात मापावर थांबला. "मग?"

"मंग काय? म्हटलं, तुमचीच. तर लाजला गो मुडदा! मान खाली घालून हसला. लग्नात पन आसाच लाजला व्हता."

ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी बाहेर गॅलरीत माझ्या निवेदनाचे कागद चाळत होतो. सगळं ऐकू येत होतं. पण मला त्या वेळी 'अधर' या शब्दाला यमक हवं होतं.

निघताना तिने विचारलं, "आज काय हाय मास्तर? सकाळपासून रिक्षा वरडत फिरते."

"कविसंमेलन आहे, नदीकाठी. 'प्रेमाची नाना रूपे'. या ना तुम्ही दोघं! फक्त प्रेमाच्या कविता."

"भांडान हाय त्यात?"

"भांडण? नाही. ओढ आहे, मीलन आहे, विरह आहे, आठवण आहे." गावात पाण्याच्या पाळ्या लावतात तशा मी प्रेमाच्या चार पाळ्या लावल्या होत्या आणि एकेका कवीला एकेक वाटून दिली होती.

"आनी खोकला?"

"खोकला?"

"रातभर म्हातारा खोकतो, त्याला ऊन पानी द्यायचं, पाठ चोळायची, वर त्याच्या शिव्या खायच्या. त्याची कविता कोन करतो?"

"तसा विभाग नाहीये," मी म्हटलं. ती म्हणाली, "मंग ऱ्हावद्या," आणि नवऱ्याचा हात धरून बाजाराकडे गेली.

संध्याकाळी मी सिल्कचा झब्बा घालून कुंडलिकेच्या काठी पोचलो. माईकवाला सुशील माझ्यावर आधीच वैतागलेला होता, कारण मी त्याला चार भोंगे लावायला सांगितले होते. एक स्टेजवर, एक बाजाराच्या तोंडाशी, एक रिक्षास्टँडला आणि एक थेट पुलाजवळच्या खांबावर.

"सर, पुढाऱ्याला पन मी दोन लावतो. कवितेला चार?"

"प्रेम सगळ्यांपर्यंत पोचलं पाहिजे, सुशील."

"लोक पळून कुठं जानार मंग?" सुशील म्हणाला.

लोक पळाले नव्हते, कारण आलेच नव्हते. पहिल्या रांगेत मंडळाचे कवी, दुसऱ्या रांगेत कवींच्या बायका, आणि मागे नदीवर वारा खायला येऊन बसलेली काही मंडळी, ज्यांना उठायचा कंटाळा आला होता. ऋतुजा नावाच्या नव्या कवयित्रीने 'ओढ' वाचली. बरी होती. माझ्याहून बरी होती, म्हणून मी टाळ्या जरा जपून वाजवल्या. 'मीलन' वाचणारे आमचे खजिनदार दाढदुखीमुळे आले नव्हते, त्यामुळे प्रेम ओढीवरून एकदम विरहावर आलं. विरह हितेशकडे होता. हितेशचं बायकोवाचून पान हलत नाही, ती समोर बसून शेंगा खात होती आणि हा माईकवरून "कुठे शोधू तुला मी, कुठे शोधू?" असं आर्ततेने विचारत होता. ती एकदा हात वर करून "इथे!" असंही म्हणाली.

शेवटची पाळी माझी होती. 'आठवण'. कविता झब्ब्याच्या खिशात होती: 'हजारांत ओळखीन मी तुला'. अंधारात, धुक्यात, पुढच्या जन्मात, कुठेही मी सखीला ओळखणार होतो. लतिकाला रेल्वे स्टेशनवर दुसऱ्याच बाईच्या मागे लागून मी एकदा विसरलो होतो, पण तो गद्य भाग झाला.

तेवढ्यात स्टेजच्या पायरीशी मैनाबाई दिसली. अनवाणी, धापा टाकत, पदर कमरेला खोचलेला.

"मास्तर, आमचं मानूस बघितलं का?"

दुकानाच्या पायरीवर तिने नवऱ्याला बसवलं होतं. आत वाल मोजून देईतोवर तो उठून गेला. बाजार झाला, एस्टी स्टँड झाला, देऊळ झालं. कुठे नाही. सूर्य खाली आला होता आणि नदीला संध्याकाळच्या भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. मैनाबाई ज्या नजरेने त्या पाण्याकडे बघत होती त्यात सगळं आलं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हितेशची एवढी दोन कडवी होऊ द्या."

लतिका खुर्चीवरून उठली. "अहो!" एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात माझं नाव, गाव आणि उभ्या जन्माची लायकी, सगळं होतं. मी हितेशकडे वळलो, तर त्याने आधीच कागद घडी करून माईक पुढे धरला होता.

मी माईक घेतला. "एक निवेदन. एक वृद्ध गृहस्थ... मैनाबाई, नाव काय त्यांचं?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. "सख्याचा बापूस."

मागे कुणीतरी हसलं.

"अहो, रोह्यात सखा कितीतरी असतील. नाव सांगा ना."

"आसं कसं घेऊ? आज तर नायच घेवचं." तिचा चेहरा बघून मला कळलं. ज्या दिवशी तो नदीकाठी हरवला आहे, त्याच दिवशी त्याचं आयुष्य कमी करायचं? ती नाही म्हणजे नाहीच म्हणणार होती.

ऋतुजा पुढे आली. "मावशी, उखाण्यात घ्या."

मैनाबाईने पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला, आणि माझ्या कानाशी येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली,

"भाताच्या लोंबीवर दवाचा साज,
दाजींचं नाव घेते, वाटते मला लाज."

हा तिचा लग्नातला उखाणा. म्हाताऱ्याचं नाव दाजी आहे हे मला असं कळलं.

आता निवेदन करायला मला नाव मिळालं होतं, मग काय. मी घसा साफ केला. "श्रीयुत दाजी! सावळ्या, कृश देहाचे, काळाच्या ओझ्याने किंचित वाकलेले, नजरेत संध्याछाया दाटलेले..."

"सदरा कुठल्या रंगाचा ते सांगा!" लतिका खालून ओरडली.

सदरा पांढरा होता आणि डोक्याला निळा रुमाल होता. तेही सांगितलं. परत सांगितलं. माझा आवाज चार भोंग्यांतून रोहेभर घुमला आणि कुणीही आलं नाही. सुशील म्हणाला, "सर, तुमच्या आवाजाला मानूस येत नाय. सकाळपासून बघतोय."

"तुमच्या हाकेला ते कशाला येतील?" लतिका स्टेजवर चढून आली होती. "'श्रीयुत दाजी' म्हणून जन्मात कुणी हाक मारलीये का त्यांना? तिच्या हातात द्या तो माईक."

मैनाबाईला माईक कसा धरतात ते ठाऊक नव्हतं. तिने तो लाटण्यासारखा आडवा धरला. सुशीलने सरळ करून दिला. ती आधी नुसतीच श्वास घेत राहिली आणि तिचा श्वास चारी भोंग्यांतून ऐकू आला. मग तिने लग्नातला तोच उखाणा घेतला, मोठ्याने. शेवटी म्हणाली, "आयकता ना वो? हिकडं या."

मागे बसलेली माणसं उभी राहून रस्त्याकडे बघायला लागली. मधे माईक ओढून मी पुन्हा सदरा आणि रुमाल सांगितला. कुणी आलं नाही.

"आयकत नाय," ती आम्हाला म्हणाली. "रुसला आसंल. दुपारी वरडले मी त्याला." आणि लगेच माईकमध्ये,

"वाल सोलता सोलता टोपली काठोकाठ,
दाजी रागावले का मी पन फिरवते पाठ."

बायका खुदकन हसल्या. हा म्हणे सासूच्या समोर घेतलेला, दोघांचं बोलणं बंद होतं तेव्हा. माझ्या चार पाळ्यांत हा कुठे बसवायचा ते मला कळेना. ओढ म्हणावी तर पाठ फिरवलेली, विरह म्हणावा तर दोघं एकाच घरात.

"अवो, नाय वरडनार आता," ती भोंग्याला म्हणाली. "या."

सूर्य डोंगराला टेकला. पाणी घाटाच्या खालच्या पायरीवर आलं. हितेश आणि आणखी काही जण काठाकाठाने बघायला गेले. मैनाबाईने माईक पुन्हा तोंडाशी नेला.

"शिमग्याला सगळे आले, गेली शेवटची गाडी,
दाजींच्या नावानं ठेवली, घडी न मोडता साडी."

हितेशची बायको शेंगा खायची थांबली. हा उखाणा मैनाबाईने कुठल्या तरी हळदीला घेतला होता, ज्या वर्षी गोदीत संप झाला आणि तो शिमग्याला आलाच नाही. सगळ्या बायका नवऱ्यांसोबत होत्या, हिला म्हणाल्या नाव घे, आणि हिने हे घेतलं. माझ्या संग्रहात विरहाच्या कविता सगळ्यांत जास्त आहेत. त्यांत चंद्र आहे, चकोर आहे, उसासे आहेत. गेलेली गाडी आणि न मोडलेली घडी कुठेच नाही. मला भर स्टेजवर स्वतःचीच लाज वाटली आणि रागही आला. राग कुणाचा, ते कळलं नाही, म्हणून मी सुशीलवर काढला. "आवाज वाढव ना!" तो म्हणाला, "फुल हाय सर."

ती बोलतच राहिली. ठेवणीतले उखाणे संपले तेव्हा तिने तिथल्या तिथे एक जुळवला.

"उजेड हाय तवर घरची धरू वाट,
दाजी, तुमच्या जेवनाचं मांडलंय ताट."

"वाल केलेत," ती पुढे म्हणाली, "तुमाला आवडतात तशे. खोबरं घालून. या ना वो."

आणि मग तिच्याजवळ काहीच उरलं नाही. ओठ हलत होते, पण यमक नव्हतं. नदीकडून हितेशने लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणून खूण केली. मैनाबाईने ती पाहिली. तिने डोळे मिटले आणि माईकमध्ये, जितका आवाज होता तितक्या आवाजाने हाक मारली.

"दाजीऽ! अवो दाजीऽऽ!"

सुकं नाव. आधी लोंबी नाही, नंतर लाज नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर हात धरला. मैनाबाईने माईक माझ्या हातात दिला आणि खाली बसली. "घेतलं गो, वैनी," ती लतिकाला म्हणाली. "मी सुकं नाव घेतलं. आता त्याचं काय झालं तर?" लतिकाने तिला छातीशी धरलं. मी हातात माईक घेऊन उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदाच हातात माईक होता आणि बोलायला काही नव्हतं.

सुशीलचा फोन वाजला. पुलाजवळचा रिक्षावाला होता. "तुमच्या भोंग्याखाली एक म्हातारा हुबा हाय. निळा रुमाल. मगासपासून वर बघतोय, हालत नाय, बोलत नाय."

हितेशने टेंपो काढला, ज्यातून तो मूर्ती पोचवतो. मैनाबाई आणि लतिका पुढे बसल्या, मी मागे गवताच्या पेंढ्यांत. सिल्कच्या झब्ब्यात गवत कसं टोचतं हे सांगणारी कविता अजून व्हायची आहे.

दाजी खांबाखाली उभा होता. एक हात कानामागे, मान वर, तोंड उघडं. पायाला चिखल होता. नदीपर्यंत जाऊन आला होता. रिक्षावाला म्हणाला, "पानी घ्या म्हटलं, तर मलाच गप म्हनाले."

मैनाबाई धावत त्याच्यासमोर गेली. "कुठं गेला व्हता वो? जीव घेता का माजा?"

त्याने तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि ओठावर बोट ठेवलं.

"गप गो बाय," तो म्हणाला. "आमची मैना बोलते हाय."

मैनाबाईचा वर उचललेला हात तसाच राहिला.

"नदीवरनं आयकू आली," तो म्हणाला. "म्हनून हिकडं आलो. मदी मदी कोन तरी रेकतो बग, त्याच्यापाई नीट आयकू येत नाय." रेकणारा तो मी. "आता तर बोलतच नाय. रागावली वाटतं."

लतिकाने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं मैनाबाई आता रडेल, नाहीतर त्याला गदागदा हलवून सांगेल, अवो, मीच ती! मी असतो तर नक्की सांगितलं असतं. वर हजारांत ओळखण्याची कविताही ऐकवली असती.

मैनाबाईने हात खाली घेतला. त्याच्या रुमालाची सुटलेली गाठ बांधली.

"नाय रागावली," ती म्हणाली. "जेवायची थांबलीय. चला, मी नेते तिच्याकडं."

"तू कोन?"

"मी तिच्या शेजारची."

हे त्याला पटलं. त्याने तिचा हात धरला आणि दोघं टेंपोकडे चालू लागली. दोन पावलं गेल्यावर तो थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "तिला सांगू नको हां, मी वाट चुकलो व्हतो. लय वरडंल."

"नाय सांगत."

"घाबरते ती. दावत नाय, पन घाबरते."

"व्हय," मैनाबाई म्हणाली. "ठाव हाय मला."

मी मागचं फळकं उघडून धरलं. कार्यक्रम तिकडे अर्धा पडला होता, माझी पाळी राहिली होती, आणि देवाशप्पथ, मला तिची आठवणही नव्हती. दाजी पाय उचलता उचलता पुन्हा थांबला. अंधार पडायला लागला होता. त्याने मैनाबाईकडे काळजीने बघितलं.

"आनी तू गो बाय? अशी तिन्हीसांजेची एकटी फिरतेस. तुजं मानूस कुठं हाय?"

"हाय," ती म्हणाली. "हितंच हाय."

आणि तिने त्याला आधी वर चढवलं, मग स्वतः चढून त्याच्याशेजारी गवतात बसली.